तीन चाकांची बाबागाडी

पांगुळगाडा आता फारसा कुठे दिसत नाही. मागे दोन चाके, पुढे एक, वर धरायला आडवी दांडी आणि ती दांडी घट्ट पकडून खडखडाट करीत घरभर फिरणारे वर्षाचे मूल, हे आमच्या पिढीतल्या बडोद्याच्या मराठी घरांतले नेहमीचे दृश्य. शेजारचे गुजराती लोक त्याला ‘चालणगाडी’ म्हणत. आमच्या घरचा पांगुळगाडा संखेड्याहून आणलेला, लाखेच्या तांबड्या-सोनेरी रंगाचा होता आणि चार भावंडांनी वापरूनही त्याचा रंग उडाला नव्हता.

बाबागाडी मात्र आम्ही फक्त चित्रात पाहिली. ती कुणाला परवडत नव्हती एवढेच त्याचे कारण नाही. ती लागतच नव्हती. मूल रडले की उचलायला घरात आजी, आत्या, काकू, मोठ्या बहिणी असत. बाहेर नेताना ते कुणाच्या तरी कडेवर असे आणि दांडियाबाजारातून रावपुऱ्यापर्यंत जाताना त्याची कड तीनदा बदले. ज्या घरात हात पुष्कळ, त्या घरात चाके लागत नाहीत. बाबागाडी लागते ती हात कमी पडतात तिथे. ही गोष्ट लक्षात घेतली, की गाडी निवडण्याचा प्रश्न बाजारहाटाचा राहत नाही, तो संसाराचा होतो.

आमच्या घरी हा प्रश्न २०१२ साली आला. माझी लेक आणि जावई न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन येथे राहतात. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे सहा महिन्यांच्या व्हिसावर तिकडे गेलो. नात झाली, बारसे झाले आणि दुसऱ्या महिन्यात लेकीने विषय काढला, “आई, बाबागाडी घ्यायचीय. तू विज्ञान शिकवलंस ना इतकी वर्षं? मग तूच सांग कुठली घेऊ.”

हे म्हणाले, “घ्या एखादी हलकीशी, छत्रीसारखी मिटणारी. दोन वर्षांचा तर प्रश्न.” जावयांना तीन चाकांची, मोठ्या टायरांची गाडी आवडली होती. एका ओळखीच्या कुटुंबाने चार चाकांची जुनी, भारदस्त, पाळण्यासारखी गाडी फुकट देऊ केली होती. म्हणजे घरात माणसे चार आणि गाड्या तीन.

वर्गात मी मुलांना नेहमी सांगत असे, की उदाहरण सोडवायला घेण्यापूर्वी ‘दिलेले’ आणि ‘शोधा’ असे दोन भाग लिहून काढा. इथेही मी तेच केले. वहीच्या पानावर गाडीबद्दल एक अक्षरही न लिहिता आधी रस्ता आणि माणसे लिहिली.

वेलिंग्टन हे टेकड्यांचे शहर. भर शहरातल्या लॅम्ब्टन की या रस्त्यावरून केलबर्नच्या टेकडीवर जाण्यासाठी तिथे १९०२ सालापासून दोराने ओढली जाणारी केबल कार चालते, यावरूनच चढ किती असेल याची कल्पना यावी. लेकीचे घर ब्रुकलिनमध्ये. अमेरिकेतले ब्रुकलिन नव्हे, वेलिंग्टनचेच टेकडीवरचे उपनगर. रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत एकतीस पायऱ्या. खाली रस्त्याला लागून गाडी ठेवायची शेड. वाचनालय चालत दहा मिनिटांवर, पण वाट चढउताराची. वारा असा, की छत्री उघडण्याच्या भानगडीत तिथले लोक पडतच नाहीत. हे झाले रस्त्याचे.

आता माणसे. लेकीची उंची पाच फूट एक इंच, जावयांची सहा फूट. जावई सकाळी साडेसातला कामावर जाणार ते संध्याकाळी सहाला येणार. चारचाकी तेच नेणार. आम्ही दोघे चार महिन्यांनी परत येणार. पानाच्या तळाशी मी लिहिले : ‘सोमवार ते शुक्रवार, दिवसाचे साडेदहा तास, एक बाई, एक मूल, एक टेकडी.’ हे वाक्य लिहिल्यावर थोडा वेळ मी पुढे काही लिहिले नाही. आमचे परतीचे तिकीट काढलेले होते. आम्ही गेल्यावर त्या घरात लेकीला मदतीचा हात म्हणून जे काही उरणार होते, ती ही गाडी होती.

दुकानात जाण्यापूर्वी मी थोडे वाचन केले. बाबागाडीचा इतिहासही रंजक आहे. विल्यम केंट या इंग्रज वास्तुविशारदाने १७३३ साली डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी बनवली. ती शेळीने किंवा लहान तट्टाने ओढायची होती. राजवाड्याच्या बागेतल्या सपाट वाटांसाठी ती ठीक होती. ओवेन मॅक्लारेन हे विमानाचे अभियंते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या, उतरताना बाहेर येणाऱ्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केले होते. निवृत्तीनंतर लेकीची जड गाडी आणि तिची ओढाताण पाहून त्यांनी ॲल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली आणि १९६५ साली तिचे पेटंट घेतले. वजन जेमतेम तीन किलो. म्हणजे आमच्या ह्यांनी सुचवलेली गाडी मुळात एका आजोबांनीच शोधलेली. तीन चाकांच्या गाडीची कथा अमेरिकेतली. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावातले पत्रकार फिल बेक्लर यांना पळण्याचा नाद होता आणि तान्ह्या मुलाला सोबत न्यायचे होते. १९८४ साली त्यांनी बाबागाडीला सायकलची चाके बसवली. न्यूझीलंडमध्ये खडबडीत वाटांसाठी ‘माउंटन बगी’ ही तीन चाकांची गाडी १९९२ साली निघाली. तिथल्या टेकड्यांवर अशा गाड्या मी पदोपदी पाहिल्या.

एकूण काय, कुठलीही गाडी सगळ्यांसाठी बनलेली नाही. प्रत्येक गाडी म्हणजे ‘ढकलणार कोण आणि कुठल्या वाटेवर’ या प्रश्नाचे एकेक उत्तर आहे. दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या वहीत उतरवले, तर गणित चुकणारच.

आता थोडे विज्ञान. आपल्या शाळेतील आठवी-नववीच्या मुलांनी हा भाग वगळू नये.

तीनच चाके कशाला? चुलीला दगड किती लागतात, ते आठवा. तीन. जमीन कितीही उंचसखल असली तरी तीन दगडांवर भांडे डुगडुगत नाही, कारण कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल जातेच. चौथा बिंदू त्याच प्रतलात असेलच असे नाही. म्हणून चार पायांचे टेबल डुगडुगते आणि त्याच्या एका पायाखाली आपण कागदाची घडी सारतो, तिपाईला मात्र ती वेळ येत नाही. खडबडीत वाटेवर चार चाकांच्या गाडीचे एखादे चाक अधांतरी राहते आणि गाडी हिसके देते. तीन चाके नेहमी जमिनीला धरून राहतात.

पण निसर्गात फुकट काही मिळत नाही. गाडीची लांबी-रुंदी तेवढीच ठेवली, तर चार चाकांनी अडवलेला आयत आणि तीन चाकांचा त्रिकोण यांत त्रिकोणाचे क्षेत्रफळ बरोबर निम्मे भरते. गाडीच्या आणि मुलाच्या एकत्रित वजनाचा गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या वर असेल तोवर गाडी उभी राहते, बाहेर गेला की कलंडते. त्रिकोण पुढे निमुळता असल्यामुळे धोका पुढच्या कोपऱ्यांत असतो. फुटपाथच्या कडेवरून गाडी तिरकी उतरवली किंवा भर वेगात वळवली, तर तीन चाकांची गाडी चार चाकांच्या गाडीपेक्षा लवकर कलंडेल. म्हणून कड नेहमी सरळ समोरून ओलांडावी आणि मुलाची बैठक मागच्या दोन चाकांच्या जवळ, शक्य तितकी खाली आहे ना, हे पाहूनच गाडी घ्यावी.

दुसरी गोष्ट चाकाच्या आकाराची. वाटेत चार सेंटिमीटर उंचीचा अडथळा आला असे समजा. चाकाचा व्यास तीस सेंटिमीटर असेल तर ते चढवायला त्या चाकावर जेवढे वजन आहे त्याच्या सुमारे ०.९ पट बल आडवे लावावे लागते. व्यास पंधरा सेंटिमीटर असेल तर तेच बल १.९ पट लागते. चाक निम्मे झाले की ढकलणाऱ्याचे कष्ट दुप्पट झाले. शिवाय हँडल खाली दाबून पुढचा भाग उचलायचा, तर मागच्या चाकांचा आस हा टेकू आणि हँडल हा तरफेचा लांब हात होतो. तीन चाकांच्या गाडीत एकच चाक उचलायचे असते, त्यामुळे हे काम सोपे जाते.

तिसरी गोष्ट उताराची. गाडी दहा किलोची, मूल आठ किलोचे, सामान दोन किलोचे, मिळून वीस किलो. दर आठ फुटांमागे एक फूट असा चढ असेल, तर गाडी मागे खेचणारे बल सुमारे अडीच किलो वजनाइतके होते. चढताना हे बल हाताला सतत जाणवते. उतरताना तेच बल गाडी हातातून ओढत असते. म्हणूनच मनगटात अडकवायचा पट्टा महत्त्वाचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संयुक्त मानकात या पट्ट्याची आणि चटकन दिसेल अशा लाल रंगाच्या ब्रेकची अट आहे. ब्रेक लावण्याची सवय तर अशी हवी, की हात सुटला की पाय ब्रेकवर गेलाच पाहिजे. सपाट जमिनीवरसुद्धा. वेलिंग्टनचा वारा उभ्या गाडीला ढकलतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

चौथी गोष्ट भाजीच्या पिशवीची. हँडलला पिशवी अडकवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. समजा, हलकी गाडी पाच किलोची आहे आणि तिचे वजन मागच्या आसापुढे पंधरा सेंटिमीटरवर आहे. मूल सात किलोचे, तेही तिथेच. पिशवी चार किलोची, आसामागे चाळीस सेंटिमीटरवर. पुढचा भार १२ गुणिले १५ म्हणजे १८०, मागचा ४ गुणिले ४० म्हणजे १६०. गाडी उभी राहते. आता मुलाला उचला. पुढे उरले ५ गुणिले १५ म्हणजे ७५, मागे १६० तसेच. गाडी उताणी! आणि मूल अर्धवट उचललेले असताना, त्याचे पट्टे सोडवत असतानाच हे घडले तर काय होईल, याचा विचार करावा. सामान बैठकीखालच्या जाळीतच ठेवायचे.

एवढी तयारी करून आम्ही दुकान गाठले. विक्रेती मुलगी फार शहाणी होती. तिने आधी विचारले, “तुमच्या घराला पायऱ्या किती?” मला ती तिथेच आवडली. मी पर्समधून टेप काढली. दाराची रुंदी आणि चारचाकीच्या डिकीची मापे मी आधीच लिहून नेली होती. जावयांना गंमत वाटली, पण त्यांनी मुकाट्याने टेपचे दुसरे टोक धरले.

तिन्ही प्रकारांची तुलना केली ती अशी. चार चाकांच्या भारदस्त गाडीत बाळ आईकडे तोंड करून निजते, हा तिचा मोठा गुण. पण ती शेडमध्ये मावत नव्हती आणि चढावर लेकीला झेपली नसती. छत्रीसारखी मिटणारी गाडी उचलायला हलकी, बसमध्ये सोयीची. पण चाके अगदी लहान, आणि तिची पाठ पूर्ण आडवी होत नव्हती. पहिले सहाएक महिने, म्हणजे बाळ मान नीट सावरू लागेपर्यंत, त्याला सपाट निजवता येणे आवश्यक असते. त्या मुद्द्यावर ती गाडी बाद झाली. तीन चाकांची गाडी दहा-अकरा किलोची, मिटवली तरी जागा खाणारी. पण पाठ आडवी होणारी, चाके मोठी आणि टायर हवेचे.

माझी एकच हरकत होती. तीन चाकांच्या त्या गाडीत मूल पुढे तोंड करून बसते. आई त्याला दिसत नाही आणि आईला त्याचा चेहरा दिसत नाही. ही केवळ आजीची हळवी शंका नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या सुझान झीडिक यांनी २००८ साली केलेल्या पाहणीत असे दिसले, की मूल आपल्याकडे तोंड करून बसलेले असेल तर आईबाप त्याच्याशी कितीतरी अधिक बोलतात. मुलाची भाषा अशाच बोलण्यातून घडते. परदेशात मराठी मुलाच्या कानावर मराठी पडणार ती बव्हंशी आईच्याच तोंडून, मग हा मुद्दा सोडून कसे चालेल? विक्रेत्या मुलीने याच गाडीवर उलट्या तोंडाने बसणारी निजण्याची टोपली दाखवली. पहिल्या सहा महिन्यांसाठी ती पुरेशी होती. पुढचे मी लेकीवर सोपवले : “दर कोपऱ्यावर थांबायचं, ब्रेक लावायचा, समोर जाऊन तिच्याशी दोन वाक्यं मराठीत बोलायचं, मग पुढं जायचं.” ती हसली, पण तिने ते पाळले.

नवीन गाडीची किंमत मी रुपयांत करून पाहिली आणि ह्यांच्या कानावर न घालण्याचे ठरवले. मग एका कुटुंबाने वापरलेली, पण चांगल्या स्थितीतली गाडी शोधली. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण मला जाहिरात करायची नाही. वापरलेली गाडी घेताना काय पाहावे, तेवढे सांगते. सांगाड्याला कुठे तडा नाही ना. खांद्यांवरून, कमरेवरून आणि दोन पायांमधून येणारे पाचही पट्टे आणि त्यांचे कुलूप धड आहे ना. मिटवलेली गाडी उघडल्यावर खटका पूर्ण बसतो का, आणि त्याला आणखी एक सुरक्षेचा खटका आहे का. पुढचे चाक काढता येणारे असेल तर ते घट्ट बसले आहे का. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक.

ब्रेकची परीक्षा आम्ही पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्यांवर घेतली. पिशव्या गाडीत बसवल्या, पाचही पट्टे लावले, घरासमोरच्या उतारावर गाडी उभी केली, ब्रेक लावला आणि सगळे बाजूला झालो. हे म्हणाले, “तांदूळ रडले तर सांगा.” गाडी तसूभरही हलली नाही. मग तांदळाला वाचनालयापर्यंत फिरवून आणले. समोरच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी फाटकातून डोकावून पिशव्यांकडे पाहिले आणि गंभीरपणे विचारले, “नाव काय ठेवलंत?”

त्या फेरीत आणखी दोन गोष्टी कळल्या. पुढचे चाक गरगर फिरणारे असेल तर अरुंद जागेत गाडी छान वळते, पण खडीवर किंवा वेगात ते थरथरू लागते. अशा वेळी ते सरळ ठेवून अडकवण्याची सोय हवी. ती या गाडीत होती. दुसरी गोष्ट हँडलची. त्याची उंची बदलता येत होती, म्हणून सहा फुटांचे जावई आणि पाच फुटांची लेक, दोघांनाही पाठ न वाकवता गाडी ढकलता आली. हवेच्या टायरांना पंक्चरचे भय असते खरे. जावयांनी शेडमध्ये सायकलचा पंप आणि ठिगळांची डबी कायमची ठेवली. आणि पळण्याची हौस असलेल्या त्या गृहस्थांना मी निक्षून सांगितले, की बाळ निदान सहा महिन्यांचे होऊन मान पक्की धरेपर्यंत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडी घेऊन पळायचे नाही.

राहिल्या एकतीस पायऱ्या. त्यावर कुठल्याच चाकांचे उत्तर नव्हते. गाडी खाली शेडमध्ये राहायची आणि बाळ झोळीत बांधून छातीशी धरून वर न्यायचे, असे ठरले. चाके टेकडीसाठी आणि झोळी पायऱ्यांसाठी.

आमच्या निघण्याच्या आठ दिवस आधी मी लेकीला म्हटले, “आज तू एकटीने जाऊन ये. मी येत नाही.” न्यूझीलंडमध्ये १९०७ साली स्थापन झालेल्या प्लंकेट या संस्थेच्या परिचारिका तान्ह्या बाळांची तपासणी करतात. त्यांच्याकडे वजन करायला जायचे होते. लेकीने बाळाला झोळीत बांधले, पायऱ्या उतरली. मी खिडकीत उभी होते. शेडचे दार उघडताना, गाडी उलगडताना, खटका दाबून पाहताना, बाळाला ठेवताना आणि पट्टे लावताना ती मला दिसत होती. मग तिने मनगटात पट्टा अडकवला आणि वर न पाहता चालू लागली. वळणापाशी थांबली, ब्रेक लावला, समोर जाऊन बाळाशी काहीतरी बोलली. मग दिसेनाशी झाली.

हे म्हणाले, “पाऊस येईलसं वाटतंय. जाऊ का मागोमाग?” मी म्हटले, “नको.” त्या दीड तासात मी दोनदा चहा केला आणि दोनदा तो निवला. पाऊस आलाच. लेक परतली तेव्हा ती स्वतः भिजलेली होती, पण बाळ पावसाच्या आच्छादनाखाली कोरडे होते. (हे आच्छादन हवेशीर भोकांचेच घ्यावे. उन्हाळ्यात गाडीवर दुपटे किंवा चादर टाकून मूल झाकू नये. आत हवा खेळत नाही आणि उष्णता फार वाढते. बडोद्याच्या मे महिन्यात तर मुळीच नको.) दारातच लेक म्हणाली, “आई, जमतं गं मला.” विमानात बसताना माझ्या मनात काळजी होती, पण धास्ती नव्हती.

इथपर्यंतची हकीकत गाडीची. यापुढची रस्त्याची आहे, आणि ती आपल्या सर्वांची आहे.

२०१४ च्या डिसेंबरात लेक, जावई आणि दोन वर्षांची नात बडोद्याला आली, तेव्हा हीच गाडी विमानातून बरोबर आली. टेकड्यांवर, खडीवर, वाऱ्यापावसात दोन वर्षे बिनतक्रार चाललेली गाडी. आपले बडोदे तर तळहातासारखे सपाट! मला वाटले, इथे ती लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरेल. घरापासून कमाटीबागेपर्यंतच्या वाटेवर फुटपाथ असा लागला, की त्याची कड गुडघ्याशी आलेली. चढवलीच गाडी, तर पुढे दुचाकींची रांग. उतरवली, तर मागून रिक्षा. शेवटी जावयांनी नातीला खांद्यावर घेतले आणि रिकामी गाडी मी ढकलत नेली. बागेत शिरल्यावर मात्र गाडी आणि नात दोघीही खूष होत्या. आत वाटा सलग आहेत, म्हणून.

त्याच आठवड्यात आपल्या शाळेचे स्नेहसंमेलन होते. लेक याच शाळेची. तिला मुलीला शाळा दाखवायची होती. सभागृहाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. शिपाईकाकांनी आणि एका पालकांनी मिळून गाडी अलगद उचलली. आपल्याकडे उचलायला हात अजून आहेत, याचे समाधान वाटले. पण मागोमाग आमच्या वेळचे एक निवृत्त शिक्षक वॉकर घेऊन आले. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिले. दोघे-तिघे हात द्यायला धावले, तर सर म्हणाले, “राहू द्या, मी इथूनच ऐकतो.” आणि पटांगणातल्या खुर्चीवर बसले. माणसाला गाडीसारखे उचलून घेणे आवडत नाही. मदत मागायची वेळ न येता आत जाता यावे, एवढीच त्याची इच्छा असते. वेलिंग्टनच्या खिडकीतून मी लेकीकडे पाहत होते, तेव्हा तिला हवे होते तेही हेच.

त्या तीन पायऱ्या अजून तशाच आहेत. मध्यंतरी पाय मोडलेला सातवीतला एक मुलगा महिनाभर प्रार्थनेला आत येऊ शकला नाही. धाकट्या भावंडाला घेऊन पालकसभेला येणाऱ्या आया गाडी बाहेर सोडून मूल कडेवर घेतात आणि दोन तास अवघडून बसतात. आजीआजोबा दिनाला तर जे येत नाहीत त्यांची मोजदादच होत नाही.

सार्वजनिक इमारतींसाठी आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांत चढणीचे कमाल प्रमाण १:१२ दिले आहे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. आपल्या प्रत्येक पायरीची उंची पंधरा सेंटिमीटर धरली तर तीन पायऱ्यांची पंचेचाळीस होते, आणि उतार लागतो ५४० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अठरा फुटांचा. सभागृहाच्या भिंतीला लागून तेवढी जागा आहे. बाजूला धरायला कठडा हवा, पृष्ठभाग पावसात निसरडा होणार नाही असा खरखरीत हवा, आणि वर दारापाशी गाडी किंवा चाकांची खुर्ची वळवायला सपाट जागा हवी.

नववीच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी टेप घेऊन पायऱ्यांची आणि जागेची मापे स्वतः घ्यावीत, माझे गणित तपासावे आणि उताराचे चित्र काढून विश्वस्त मंडळाच्या पुढच्या सभेपूर्वी मुख्याध्यापकांकडे द्यावे. विश्वस्तांना माझी विनंती, की त्यांनी त्या चित्रावर विचार करावा. खर्चासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून फूल ना फुलाची पाकळी मी देईन आणि माझ्या माजी विद्यार्थ्यांपुढे हात पसरायलाही मला संकोच वाटणार नाही.

आता तरुण आईबापांसाठी दोन शब्द. हल्ली बडोद्याच्या दुकानांतही तीन चाकांच्या गाड्या दिसतात. रंग आणि झालर पाहून भुलू नका. आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर आपला रस्ता, आपल्या पायऱ्या, आपली उंची आणि दिवसातून किती तास कोण एकटे असते, ते लिहा. मग दुकानात जा. आणि जाताना पाच किलो तांदूळ बरोबर न्या. दुकानदार हसला तर हसू द्या.